केस ऐकू नका, विद्यार्थ्याला तपासताना बघा

एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षाची प्रात्यक्षिक परीक्षा बाहेरच्या माणसाला फार कडक वाटते. परगावचे परीक्षक आलेले असतात, खाटांवर खरे रुग्ण असतात आणि इस्त्रीचे ॲप्रन घातलेली मुलं-मुली वॉर्डाबाहेर भिंतीला टेकून पुटपुटत उभी असतात. पण या परीक्षेतली एक गोष्ट लोकांना सहसा ठाऊक नसते. विद्यार्थी रुग्णाला तपासत असतो, तेव्हा परीक्षक तिथे नसतो.

लाँग केसची रीत अशी. विद्यार्थ्याला एक खाट नेमून देतात आणि पाऊण तास ते तासभर वेळ देतात. तेवढ्या वेळात त्यानं रुग्णाशी बोलायचं, त्याला नखशिखांत तपासायचं आणि सगळं कागदावर उतरवायचं. परीक्षक त्या वेळात दुसरीकडे एक्स-रेच्या नाहीतर औषधांच्या टेबलावर तोंडी घेत असतात. वेळ संपली की ते खाटेपाशी येतात आणि म्हणतात, ‘हं, सांगा.’ विद्यार्थी सांगतो. रुग्णाची तक्रार, पूर्वेतिहास, तपासणीत काय सापडलं, निदान काय. मग प्रश्नोत्तरं होतात. एखादा परीक्षक मधेच ‘लिव्हर कसं तपासलंस, दाखव बघू’ म्हणतो. बघणं होतं ते एवढंच, बाकी सगळे गुण सांगण्याला. आरटीओतसुद्धा निरीक्षक उमेदवाराला गाडीवरून आठचा आकडा काढताना डोळ्यांनी बघतो. आम्ही डॉक्टर करताना तेवढंही बघत नाही.

मी मेडिसिनची प्राध्यापक आहे, सरकारी महाविद्यालयात शिकवते. आमच्याकडे इंटर्नल म्हणून आणि परगावी एक्स्टर्नल म्हणून वर्षानुवर्षं या परीक्षा घेत आले आहे. मी जिथे जिथे गेले तिथे थोड्याफार फरकानं हीच पद्धत पाहिली. ती बदलायला नवी इमारत लागत नाही, यंत्रं लागत नाहीत, विधानसभेत विधेयकही लागत नाही. परीक्षकानं विद्यार्थ्याला तपासताना बघायचं, एवढाच बदल करायचा आहे.

बघितल्यानं काय कळतं, याचं एक उदाहरण देते. एका परीक्षेत चाळिशीच्या एक बाई रुग्ण म्हणून होत्या. लहानपणी सांधे सुजून ताप आलेला, त्यात हृदयाची डावीकडची झडप आखडलेली. वैद्यकीय भाषेत मायट्रल स्टेनोसिस. मुलीनं केस उत्तम सांगितली. इंग्रजी सफाईदार, क्रम चोख. मर्मरचं, म्हणजे बिघडलेल्या झडपेतून येणाऱ्या आवाजाचं, वर्णन तर पुस्तकात शोभावं असं: खालच्या पट्टीतला, गडगडल्यासारखा, डाव्या कुशीवर वळवल्यावर आणि श्वास सोडल्यावर अधिक स्पष्ट. मी म्हटलं, ‘छान. आता मला ऐकून दाखव.’ तिनं बाईंना डाव्या कुशीवर वळवलं, स्टेथोस्कोपची बेल लावली आणि अशी दाबून धरली की उचलल्यावर बाईंच्या कातडीवर लालसर वर्तुळ उमटलेलं दिसलं.

स्टेथोस्कोपला दोन बाजू असतात. डायफ्रॅमची चपटी बाजू वरच्या पट्टीतल्या आवाजांसाठी आणि बेलची वाटीसारखी बाजू खालच्या पट्टीतल्या आवाजांसाठी. बेल छातीवर अलगद टेकवायची असते. दाबली की तिच्या खालची कातडी ताणली जाते, ती कातडीच डायफ्रॅमचं काम करू लागते आणि खालच्या पट्टीतले आवाज गाळले जातात. म्हणजे जो मर्मर तिनं इतका सुरेख वर्णन केला, तो तिच्या पद्धतीनं तिला ऐकू येणं अवघड होतं. वर्णन कुठून आलं होतं? पी. जे. मेहतांच्या पुस्तकातून, उशाशी ठेवलेल्या फाइलमधल्या इको रिपोर्टवरून, आणि खुद्द बाईंकडून. अशा रुग्णांना सगळं पाठ झालेलं असतं. ‘मला कुशीवर वळवा, मग ऐकू येतं म्हणतात सगळे,’ असं त्याच विद्यार्थ्यांना सांगतात. त्या मुलीला चांगले गुण मिळाले आणि गुणपत्रिकेच्या हिशेबानं ते बरोबरच होते. बेल कशी धरली यासाठी त्या पत्रिकेत रकानाच नव्हता.

दुसरी जागा पोटाची. प्लीहा, म्हणजे पाणथरी, डाव्या बरगड्यांखाली असते आणि वाढली की तिरकी उजवीकडे खाली उतरते. म्हणून हात उजव्या ओटीपोटापासून ठेवायला सुरुवात करायची आणि रुग्णाच्या श्वासागणिक डाव्या बरगडीकडे सरकत जायचं. घाईतला विद्यार्थी थेट डाव्या बरगडीखाली हात घालतो. पाणथरी फार मोठी असेल तर त्याचा हात तिच्या पाठीवरच पडतो, कड लागत नाही आणि तो ‘नॉट पाल्पेबल’ लिहून मोकळा होतो. विदर्भात सिकलसेल आहे, गडचिरोलीकडे मलेरिया आहे. तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात वाढलेली पाणथरी हा नेहमीचा मामला आहे आणि सोनोग्राफी शेजारच्या खोलीत नसते. तिथे हाच हात कामाला येणार असतो.

आणि रक्तदाब. परीक्षेच्या कागदांवरचे रक्तदाब बघावेत. धडधाकट दिसला की 120/80, वय झालेलं दिसलं की 130/80. पट्टा दंडाला नीट बसला का, हात हृदयाच्या पातळीवर होता का, आधी नाडीवर बोट ठेवून वरचा आकडा अंदाजला का, हे परीक्षकाला कळायला मार्ग नाही. तीच गत जनरल एक्झामिनेशनची. ‘नो पॅलर, नो इक्टेरस, नो क्लबिंग, नो सायनोसिस’ हे मुलं एका दमात म्हणतात. पापणी खाली ओढून पाहिली का, नखं डोळ्यांच्या पातळीवर धरली का, हे कोणी पाहिलेलं नसतं. आपल्या राज्यात रक्तक्षयाच्या बायका काय थोड्या आहेत? पापणी ओढून पाहणं ही सगळ्यात स्वस्त तपासणी, आणि तीच आम्ही मुलांना म्हणायला शिकवली आहे.

परीक्षा जशी, तशी तयारी. परीक्षा जवळ आली की एक पाऊच सजतो: टॉर्च, मोजपट्टी, गुडघ्याची हातोडी, कापूस, 128 चा ट्यूनिंग फोर्क. मग कोणत्या वॉर्डात कोणत्या खाटेवर काय आहे, याच्या याद्या ग्रुपवर फिरू लागतात. रेसिडेंटला चहा पाजून ‘उद्या कोणते रुग्ण ठेवणार’ हे काढलं जातं. याला केस फुटणं म्हणतात आणि त्याचं कोणाला फारसं वाईटही वाटत नाही. एक्स्टर्नल कुठले आलेत याची चौकशी होते. ‘मुंबईचे सर आहेत, ईसीजी हातात देतात’, ‘मॅडमना फक्त इतिहास नीट लागतो, मध्ये तोडायचं नाही’. मग रात्रभर त्या सरांचे ठरलेले प्रश्न पाठ होतात. परीक्षा सांगण्याची आहे म्हटल्यावर मुलं सांगण्याची तालीम करतात. त्यांची अक्कल कमी नाही, उलट त्यांनी परीक्षेचं निदान अचूक केलेलं असतं.

त्यांच्यामागे दुसरी परीक्षा उभी असते ती वेगळीच. नीट-पीजीत 200 प्रश्न, सगळे चार पर्यायांचे. तिथे रुग्णाला हात लावावा लागत नाही. पुढचं शिक्षण, हवी ती शाखा, गावात मिळणारा मान, सगळं त्या 200 प्रश्नांवर ठरतं. त्यामुळे सकाळच्या क्लिनिक्सना मुलं खिशात मोबाइल आणि मोबाइलमध्ये कोचिंगचं ॲप घेऊन उभी असतात. मी त्यांना बोलते, पण एका खाटेभोवती पंचवीस-तीस जण उभे केल्यावर मागच्या रांगेतल्यांना रुग्ण दिसतच नाही, पुढच्यांच्या पाठी दिसतात. पाठी बघण्यापेक्षा प्रश्न सोडवलेले बरे, असं त्यांना वाटलं तर त्यांना एकट्यांना दोष देता येत नाही. महाविद्यालयांच्या जागा दीडशेच्या दोनशे, दोनशेच्या अडीचशे झाल्या. खाटा आणि शिक्षक त्या मानानं वाढले नाहीत.

यावर उपाय जगानं शोधले नाहीत असं नाही. स्कॉटलंडमधल्या डंडी इथे रोनाल्ड हार्डन यांनी 1975 मध्ये ‘ओस्की’ची पद्धत मांडली. विद्यार्थ्यानं एकामागून एक टेबलांवर जायचं, प्रत्येक ठिकाणी ठरावीक मिनिटांत एक काम करून दाखवायचं आणि परीक्षकानं समोर बसून यादीवर खुणा करायच्या. ब्रिटनमध्ये काम करायला जाणाऱ्या आपल्या मुलांना प्लॅबचा दुसरा टप्पा द्यायला मँचेस्टरला जावं लागतं, तो याच धर्तीचा. अमेरिकेत 1990 च्या दशकात ‘मिनी-सीईएक्स’ आलं. त्यात वरिष्ठ डॉक्टर पंधरा-वीस मिनिटं उभा राहून शिकाऊ डॉक्टर रुग्णाशी कसा वागतो ते बघतो आणि तिथेच सांगतो. आपल्याकडे 2019 पासून जो क्षमताधारित अभ्यासक्रम आला, त्यातही या दोन्हींची शिफारस आहे. कागदावर आपण मागे नाही.

पण ओस्की हे रामबाण औषध आहे असं मी म्हणणार नाही. ती माणसाचे तुकडे करते. एका टेबलावर छाती, दुसऱ्यावर इंजेक्शन, तिसऱ्यावर समजूत घालणं. मुलं याद्याही पाठ करतात. ‘मी हात धुतले’ असं तोंडानं म्हणायचं आणि हात न धुता पुढे जायचं, हेही ओस्कीतच बघायला मिळतं. शिवाय खर्च. अमेरिकेनं नकली रुग्णांवर घेतली जाणारी आपली राष्ट्रीय प्रात्यक्षिक परीक्षा कोविडच्या काळात थांबवली आणि 2021 मध्ये कायमची बंद केली. आपल्याकडे एमबीबीएसच्या शेवटी देशभर एकच असावी अशा नेक्स्ट परीक्षेची तरतूद 2019 च्या कायद्यात झाली, तिच्या दुसऱ्या टप्प्यात प्रात्यक्षिकही होतं. 2023 मध्ये नियमावली निघाली आणि काही आठवड्यांतच परीक्षा पुढे ढकलली गेली. तिची वाट बघत बसण्यात अर्थ नाही.

लाँग केसमध्ये एक मोठी गोष्ट आहे ती मला सोडवत नाही. तिथे अख्खा माणूस असतो. त्याचं गाव, त्याचं पोट, त्याची भीती, त्यानं अर्धवट सोडलेली औषधं. म्हणून लाँग केस ठेवावी आणि तिच्यात परीक्षकाला बसवावं. प्रत्येक विद्यार्थ्याच्या तपासणीतली बारा मिनिटं एका परीक्षकानं खाटेजवळ बसून, न बोलता बघावीत आणि त्याला वेगळे गुण द्यावेत. समोर छापील कागद असावा, सहा ओळींचा. रुग्णाला स्वतःचं नाव सांगून परवानगी घेतली का. पडदा ओढला, नको तेवढं अंग झाकलं का. सुरुवातीला रुग्णाला त्याच्या शब्दांत बोलू दिलं का. नाडी आणि रक्तदाब खरोखर मोजले का. ज्या अवयवाचा आजार आहे तो योग्य पद्धतीनं तपासला का. उठताना रुग्णाला समजेल असं दोन वाक्यांत काही सांगितलं का.

यावर पहिला आक्षेप वेळेचा येतो, तेव्हा हिशेबच करून टाकू. नियमाप्रमाणे शंभर विद्यार्थ्यांमागे किमान चार परीक्षक असतात, त्यांतले निम्मे बाहेरचे. दिवसाला 28 विद्यार्थी धरले तर एका परीक्षकाच्या वाट्याला सात येतात. सात गुणिले बारा, 84 मिनिटं. सगळ्यांना एकदम खाटा न देता बारा-बारा मिनिटांच्या अंतरानं दिल्या की एकच परीक्षक एका खाटेवरून दुसरीकडे जात राहतो. ही 84 मिनिटं आणायची कुठून? टेबलांवरून. एक्स-रे, ईसीजी, औषधं, उपकरणं यांचे तेच ते प्रश्न एकेका मुलाला तोंडी विचारण्यात आमचा निम्मा दिवस जातो. तेच फोटो एका सभागृहात पडद्यावर दाखवून 28 जणांकडून एकदम लेखी उत्तरं घेतली तर अर्ध्या तासात काम होतं, आणि गुणही सगळ्यांना सारख्या मापानं मिळतात.

दुसरा आक्षेप, मुलं घाबरतील. घाबरतील, पहिल्यांदा. म्हणून हे फक्त परीक्षेच्या दिवशी न करता वर्षभर करावं लागेल. त्यासाठी लॉगबुक आहेच. अमुक कौशल्य शिक्षकासमोर करून दाखवलं, अशी नोंद आणि सही त्यात असायला हवी. आज बऱ्याच ठिकाणी काय होतं, हे आम्ही शिक्षक जाणतो. परीक्षेचा अर्ज भरायच्या आठवड्यात गठ्ठे येतात आणि सह्या होतात. सही करणाऱ्यानं त्या मुलाला रुग्णाला हात लावताना पाहिलेलं असतं की नसतं, हे सही सांगत नाही.

तिसरा आक्षेप मला जास्त मोलाचा वाटतो: परीक्षकाचं मत हे शेवटी मतच. एक हात सैल सोडणारा, दुसरा कंजूष. खरं आहे. पण आज तरी काय आहे? विद्यार्थ्याला सोपा हर्निया ‘लागला’ की तो तरला, अवघड मेंदूविकार ‘लागला’ की बुडाला. परीक्षेनंतर पहिला प्रश्न हाच असतो, ‘तुला काय लागलं?’ निदानाला गुण दिले की नशिबाचा वाटा मोठा होतो. पद्धतीला गुण दिले तर तो कमी होतो, कारण रक्तदाब कसा घ्यायचा हे कोणत्याही रुग्णावर तितकंच नीट दाखवता येतं. आणि विद्यार्थ्याला नापास करायची वेळ आली तर परीक्षकाच्या हातात काहीतरी ठोस असतं. आज आम्ही ‘बरं बोलला, जाऊ दे’ म्हणून सोडतो, त्यामागे दया कमी आणि पुराव्याचा अभाव जास्त असतो.

खाटेजवळ बसल्याचा आणखी एक फायदा आहे. परीक्षकाला विद्यार्थ्याचं रुग्णाशी बोलणं ऐकू येईल. केस इंग्रजीत सांगितली जाते, पण घेतली जाते मराठीत, कधी हिंदीत, नंदुरबारला भिलीत, गडचिरोलीत गोंडीत. हृदय थकलेल्या रुग्णाला आडवं पडल्यावर दम लागतो. पुस्तक सांगतं, विचारा, ‘किती उशा लागतात?’ आमच्याकडचा रुग्ण चटईवर वाकळ टाकून झोपणारा. उशी म्हणजे गुंडाळलेलं लुगडं नाहीतर दंड. तो म्हणतो, ‘उशी घेत नाही.’ विद्यार्थी लिहितो, ऑर्थोप्निया नाही. तोच प्रश्न ‘रात्री झोपल्यावर उठून बसावं लागतं का, भिंतीला टेकून झोपता का?’ असा विचारला की बाजूची बायकोच उत्तर देते, ‘महिना झाला, बसूनच रात काढतात.’ हा फरक सादरीकरणात ऐकू येत नाही. सरकारी महाविद्यालयांत 15 टक्के जागा अखिल भारतीय कोट्याच्या आहेत. राजस्थान-केरळहून आलेली ती मुलं पहिल्या वर्षी अडखळतात, पण अडखळत विचारल्यामुळे रुग्णाचं ऐकूनही घेतात. मराठी घरातली मुलं कधी कधी दोन प्रश्नांत निकाल लावतात. कोण खरं ऐकतंय, हे ऐकायला परीक्षक हवा.

आणि रुग्णाचं काय? परीक्षेला बसलेला रुग्ण या सगळ्यात कोणाच्या खिजगणतीत नसतो. डिस्चार्ज तयार असताना ‘दोन दिवस थांबा, परीक्षा आहे’ म्हणून त्याला ठेवून घेतात. पोटात पाणी झालेल्या माणसाचं पोट सकाळपासून एकामागून एक मुलं ठोकून पाहतात, त्याला या कुशीवरून त्या कुशीवर वळवतात. काही ठिकाणी चहा-नाश्ता आणि गाडीभाडं मिळतं, काही ठिकाणी वॉर्डातल्या मावशी आपल्या डब्यातलं देतात. परीक्षक खाटेजवळ बसला तर रुग्ण दमलेला त्याला निदान दिसेल. एका रुग्णाला एका दिवसात किती विद्यार्थी तपासतील याची मर्यादा, ठरलेलं मानधन आणि ‘नको’ म्हणायचा हक्क, एवढं तरी विद्यापीठानं लेखी द्यावं. ज्याच्या शरीरावर पिढ्यान् पिढ्या डॉक्टर शिकले, त्याला हे देणं म्हणजे उपकार नव्हेत.

परीक्षा बदलेपर्यंत विद्यार्थ्यांनी काय करावं, हेही सांगते, कारण दरवर्षी मला हेच विचारतात. रोज एक रुग्ण घ्या, एकच. फाइल उघडायच्या आधी त्याच्याशी बोला. तपासताना मित्राला किंवा मैत्रिणीला समोर उभं करा आणि तुमचे हात बघायला सांगा. बेल दाबलीस, हात थंड होता, पापणी पाहिलीच नाहीस, असं दोघांनी एकमेकांना सांगा. मग पाच मिनिटांत केस सांगा. रक्तदाब मोजल्याशिवाय आकडा लिहू नका. काही सापडलं नाही तर ‘सापडलं नाही’ म्हणा. परीक्षेत ‘मला मर्मर ऐकू आला नाही’ म्हणणाऱ्या मुलाला मी कधी नापास केलेलं नाही, कारण त्याला शिकवता येतं. न ऐकलेला मर्मर सांगणाऱ्याला शिकवायचं कुठून सुरू करावं, हे मला कळत नाही. आणि ज्या रुग्णावर शिकलात त्याला दुसऱ्या दिवशी जाऊन विचारा, बरं वाटतंय का. परीक्षेत याला गुण नाहीत. पण आदल्या दिवशी सांगायची राहिलेली गोष्ट रुग्ण त्या दुसऱ्या भेटीत सांगतो.

ही मुलं पास झाली की वर्षभर इंटर्नशिप करतील आणि त्यांतली बरीचशी बंधपत्राच्या सेवेसाठी तालुक्याच्या गावी नाहीतर आदिवासी भागात जातील. तिथे रात्री बाळंतपणासाठी आलेल्या बाईच्या पोटावर हात ठेवून बाळाचं डोकं वर आहे की खाली, हे सांगावं लागतं. तापानं फणफणलेल्या मुलाची मान ताठ आहे का, हे बघावं लागतं. तिथे केस ऐकायला कोणी नसतं.

म्हणून नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाला माझी विनंती आहे. पुढच्या सत्रापासून मेडिसिन, सर्जरी, स्त्रीरोग-प्रसूती आणि बालरोग या चार विषयांच्या लाँग केसमध्ये बारा मिनिटांचं प्रत्यक्ष निरीक्षण सक्तीचं करा, त्याचा गुणांचा रकाना वेगळा ठेवा, आणि त्या रकान्यात नापास झालेल्याला बाकीच्या गुणांवर तारून नेऊ नका. राज्यभर एकदम जमणार नसेल तर एका विभागातल्या महाविद्यालयांपासून सुरुवात करा. त्यासाठी एक परिपत्रक पुरेल, आणि आम्हा परीक्षकांना टेबलावरून उठून खाटेपर्यंत चालावं लागेल.